साडूंचा पिवळा टॅग

या जगात अशी एकही वस्तू नसेल की जिच्यात माझ्या साडूंना खोट सापडलेली नाही. हे मी रागानं म्हणत नाही. त्यांनी आजवर ज्यांच्यात खोट काढली त्यांतला सर्वांत जुना आणि अजून वापरात असलेला नमुना मीच आहे, त्या अधिकारानं म्हणतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होते. गिअरबॉक्समध्ये बसणारे लोखंडी दांडे त्यांच्या टेबलावर यायचे आणि त्यांनी टॅग बांधल्याशिवाय पुढं सरकायचे नाहीत. हिरवा टॅग म्हणजे ओके. लाल म्हणजे रिजेक्ट, थेट भंगारात. आणि पिवळा म्हणजे होल्ड, म्हणजे आत्ता काही सांगता येत नाही, बाजूला ठेवा, उद्या परत बघू. चुकून एखादा खराब दांडा ओके होऊन बाहेर गेला, तर ज्यानं तो पास केला त्यानं सकाळच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर उभं राहून, फळ्यावर स्वतःच्या नावापुढं स्वतःच्या हातानं लाल टॅग लावायचा, असा तिथला रिवाज होता. "एकतीस वर्षांत आपल्या नावावर एक लाल टॅग न्हाई," हे वाक्य साडूंनी लग्नात, बारशात, विहारातल्या रविवारच्या सभेनंतर आणि एकदा तर दुखवट्याला बसलो असतानाही म्हटलेलं मी ऐकलं आहे. अशा माणसाचे डोळे अधू झाले तेव्हा काय झालं, ते मला सांगायचं आहे.

रिटायर होताना कंपनीनं त्यांना घड्याळ देऊ केलं. ते दिवसाला चार सेकंद मागं पडतं असं सांगून साडूंनी ते परत केलं आणि त्याऐवजी रद्दीत निघालेले जुन्या छपाईचे टॅग मागून घेतले. तीन गठ्ठे, तीन रंगांचे. तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन असो नसो, टॅग असतातच. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या घरी गेलं की कुकरला लाल, बेसिनच्या नळाला पिवळा आणि नुकत्याच आणलेल्या कलिंगडाला हिरवा असे टॅग लोंबताना दिसायचे. ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, पुरणपोळीला एकदा पिवळा टॅग लागला, त्या दिवसापासून स्वयंपाकघरात टॅग न्यायला बंदी झाली. ताई शांत स्वभावाच्या आहेत, पण पुरणाच्या बाबतीत नाहीत.

माझी तपासणी मात्र टॅगच्या गठ्ठ्यांच्याही आधीची. एकोणतीस वर्षांपूर्वी मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा थोरले जावई म्हणून हे पुढच्याच खुर्चीत बसले होते. मुलीला कुणी काही विचारलं नाही. यांनी मला उभं राहायला सांगितलं, दारापर्यंत चालून यायला सांगितलं आणि चष्मा काढून समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायला लावली. सासऱ्यांनी हळूच विचारलं, "कसे काय वाटतात?" साडू सर्वांच्या देखत म्हणाले, "रिजेक्ट म्हणवत न्हाई. पण ओके म्हणायची तरी घाई कशाला? होल्डवर ठेवा." मुलीनं मला पडद्याआडून केव्हाच पास केलेलं असल्यामुळं लग्न झालं, पण होल्ड काही उठला नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो, दोन खोल्यांचं घर झालं, मुलगा शिकला, नोकरीला लागून पुनावळ्याला राहायला गेला. साडू म्हणाले, "पोरगा ओके. तुमचं अजून चालू आहे."

सकाळच्या सायकलफेरीचं खूळ त्यांनी रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढलं. एकतीस वर्षं पहिल्या शिफ्टला उठलेला माणूस, त्याला अंथरुणात कोण ठेवणार? एकटे नकोत म्हणून दोघी बहिणींनी मला त्यांच्या जोडीला दिलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी झोपेचं कारण सांगितलं असतं. रोज पहाटे साडेपाचला उठायचं आणि सहाला त्यांच्या बिल्डिंगखाली हजर व्हायचं. तिथं ते बॅटरी घेऊन दोन्ही सायकली तपासत. हवा, चेन, घंटी, पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, या क्रमानं. सगळं पाहून झालं की हँडलला हिरवा टॅग बांधायचा आणि मगच पॅडलवर पाय. मग भोसरी ओलांडून आळंदी रस्त्याला लागायचं, दिघी मागं टाकायची आणि चऱ्होलीत शिरून नदीच्या बाजूच्या शेतरस्त्यानं जायचं. जायला तासभर, यायला तासभर आणि मधे चहा.

कंपनीत वाट ओलांडताना उजवीकडे बोट करून "उजवी बाजू, ठीक!" आणि डावीकडे बोट करून "डावी बाजू, ठीक!" असं मोठ्यानं म्हणायची पद्धत होती, म्हणजे नजर चुकत नाही. साडूंनी ती पद्धत चऱ्होलीच्या शेतरस्त्यावर आणली. ज्वारीच्या दोन वावरांमधून पायवाट फुटली तरी हे ब्रेक मारत, एक पाय टेकत, बोट दाखवत आणि खड्या आवाजात दोन्ही बाजू ठीक असल्याचं जाहीर करत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा धारेला निघालेल्या एका माणसानं कॅन खाली ठेवून मला विचारलं, "मोजणी आली का वो?" पुढं पुढं लोकांना सवय झाली. मला व्हायला जास्त दिवस लागले, कारण मलाही ते ओरडावं लागायचं, आणि माझा आवाज ग्रंथालयात घडलेला.

सायकल चालवताना साडू बोलतात ते फार चांगलं असतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. घरात न बोललेलं सगळं ते रस्त्यावर बोलतात. शेजाऱ्यानं लिफ्टसाठी भांडण काढलं, मुलीनं फोन केला नाही, विहाराच्या पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, अशा बारीकसारीक गोष्टींतून निघून ते एकदम कुठल्या कुठं जातात. "दांड्याचं बरं असतं साडू," एकदा चढावर धापा टाकत म्हणाले, "मापात बसला तर बसला. माणूस आज बसत न्हाई, उद्या बसतो. म्हणून मी माणसाला लाल लावत न्हाई कधी." मी म्हटलं, "आणि हिरवा?" त्यावर त्यांनी उजवी बाजू ठीक असल्याचं जाहीर केलं.

चऱ्होलीत चिंचेखाली एका मावशींची चहाची टपरी आहे. मावशी तिथल्याच जुन्या घरातल्या. त्यांच्या वावराच्या दोन्ही अंगांना आता बिल्डिंगी उठल्या आहेत आणि मधल्या तुकड्यावर त्या चहा विकतात. मावशींचा आणि साडूंचा पहिल्या दिवसापासून सामना चालू होता. चहाचा ग्लास हातात आला की साडू तो उजेडापुढं धरून गोल फिरवत आणि केसाएवढी चीर दिसली तरी परत करत. मावशी म्हणत, "चा गळतोय का त्यातनं?" साडू म्हणत, "आज न्हाई, उद्या गळेल." मग मावशी दुसरा ग्लास देत आणि चीर गेलेला ग्लास मला मिळे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी साडू हात धुवायला नळावर गेले आणि मावशी माझ्याजवळ आल्या. "भाऊ, राग नका मानू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या दाजींला दिसत न्हाई. पंधरा दिस झालं, काठाचा टवका उडालेला गलास देती त्यांना मुद्दाम. ग्वाड मानून पित्यात. एक सबूद बोललं न्हाईत." मी साडूंचा ग्लास उचलून पाहिला. काठाला नखाएवढा टवका उडालेला होता. माझा चहा तसाच राहिला.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मला भडक नारिंगी जाकीट आणून दिलं होतं आणि "पुढं तुम्ही, मागं मी" असा नवा नियम काढला होता. मला वाटलं, माझ्या चालवण्यावर लक्ष ठेवायला. खड्डा आला की मोठ्यानं सांगा, हाही नवा नियम. मागच्याच आठवड्यात एका वळणावर म्हैस हटत नाही म्हणून ते तीन मिनिटं घंटी वाजवत थांबले होते, आणि ती म्हैस म्हणजे काळी ताडपत्री घातलेला काँक्रीटचा मिक्सर होता. मी हसलो तेव्हा म्हणाले होते, "थांबणं चूक न्हाई. मिक्सरसुद्धा कधी चालू होईल सांगता येतं का?" मी ही गोष्ट घरी येऊन रंगवून सांगितली होती. त्याची मला आता लाज वाटली.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट मनावर घेतली. त्यांना कुठं लागायच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरपुढं नेऊन बसवायचं. मी हट्टी माणूस नाही, पण मी पाहिलेला हट्ट एकोणतीस वर्षांचा आहे आणि थोडाफार मलाही लागलेला आहे. रोज भोसरीपर्यंत मी डोळ्यांचा विषय काढायचो आणि दिघीपर्यंत ते तो परतवायचे. "मला चांगलं दिसायलंय," हे पहिलं उत्तर. ते संपलं की, "वयात थोडं असायचंच." मोतीबिंदू असेल, अर्ध्या तासाचं ऑपरेशन असतं, शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी टीव्ही बघत होत्या, असं मी सांगितलं, त्यावर म्हणाले, "डोळा हे माझं इन्स्ट्रुमेंट आहे. इन्स्ट्रुमेंट एकदा उघडलं की पहिल्यासारखं माप दाखवत न्हाई. आतमधी लेन्स कुणाची घालणार, तिचं सर्टिफिकेट कोण बघणार?" ताईंना सांगेन अशी मी धमकी दिली. तेव्हा ते सायकलवरून उतरले. बोलले ते वेगळ्याच आवाजात. "सांगू नका. ती सायकल काढून घेईल. दिवसभर घरात बसून काय बघू मी? एवढा एक डोळाच होता साडू माझ्याकडं. दहावी नापास माणसाला इंजिनिअर लोक येऊन विचारायचे, हे बघा, बरोबर आहे का. तो गेला म्हटल्यावर मी कोण?" मी सांगितलं नाही. चुकलं माझं, पण सांगवलं नाही.

पुढं जे झालं ते फेब्रुवारीतल्या एका धुक्याच्या सकाळी. साडूंनी नेहमीसारखी बॅटरी धरून माझी सायकल तपासली, मागच्या ब्रेकच्या तारेवरून बोट फिरवलं, "ब्रेक ओके" म्हणाले आणि टॅग बांधला. चऱ्होलीत नदीकडं उतरणारा एक उतार आहे. त्या उतारावर मी मागचा ब्रेक दाबला आणि काट्‌ असा आवाज होऊन तो हातात मोकळा आला. पुढचा ब्रेक मी कधी धरत नाही, लहानपणी एकदा त्यानं तोंडावर पाडलं होतं. ग्रंथालयात आयुष्यभर दबलेला आवाज त्या दिवशी पूर्ण निघाला. उताराच्या शेवटी वळणावर बांधकामाच्या वाळूचा ढीग होता आणि त्यावर 'निसर्गाच्या कुशीत हक्काचं घर' असा मोठा बोर्ड होता. मी निसर्गाच्या कुशीत कमरेपर्यंत शिरलो. वाळू नाकात, कानात, जाकिटात गेली, गुडघा खरचटला, बाकी काही नाही. डावीकडे चार हातांवर खडीचा ट्रक उभा होता, तो मी उठल्यावर पाहिला.

साडू धावत आले. आधी त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत हातानं चाचपलं, मग सायकल उभी केली आणि तुटलेली तार डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. दिसेना, तेव्हा एकेक तंतू बोटात धरून पाहायला लागले. "हे दोनच तंतू आज तुटलेत," बऱ्याच वेळानं म्हणाले, "बाकीचे आधीच तुटलेत. गंज लागतोय हाताला." मी म्हटलं, "असू दे दाजी, जुनी तार होती." "जुनी होती ते मला दिसायला पाहिजे होतं," ते म्हणाले, "मी पास केली." मग त्यांनी खिशातून तिन्ही रंगांचे टॅग काढले, त्या धुक्यात हातावर पसरले, इकडून तिकडून पाहिले आणि हात माझ्यापुढं केला. "साडू, ह्यातला लाल कुठला, तेवढा काढून द्या."

मी काढून दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते वाळूमुळं आहे असं मी त्यांना उगाच सांगितलं. त्यांनी टॅग हँडलवर ठेवून त्यावर अंदाजानं स्वतःचं नाव लिहिलं, अक्षरं एकावर एक चढली, आणि तो शर्टाच्या वरच्या बटणाला बांधला. लाल टॅगवाल्यानं काही चालवायचं नसतं, म्हणून सायकल हातात धरून ते चालायला लागले. मला ब्रेक नव्हता, म्हणून मीही चालायला लागलो. चऱ्होली ते संत तुकाराम नगर आम्ही चालत आलो. टेम्पो करू म्हटलं तर ऐकायला तयार नाहीत. दिघीला एका ओळखीच्यानं विचारलं, "काय राव, छातीवर काय लावलंय?" साडू थांबून म्हणाले, "माझ्या हातनं खराब माल पास झाला. ह्यांचा जीव जात होता." विचारणाऱ्याला काही कळलं नाही. भोसरीत भाजीवाल्यानं विचारलं, त्यालाही हेच सांगितलं. सकाळच्या मीटिंगला जेवढी माणसं असत तेवढ्यांना सांगितल्याशिवाय ते घरी आले नाहीत.

ताईंनी दार उघडलं. माझ्या अंगावरची वाळू पाहिली, त्यांच्या छातीवरचा टॅग पाहिला आणि जवळ येऊन त्यावरचं नाव वाचलं. त्या एकतीस वर्षांच्या रिवाजाच्या साक्षीदार. एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरची वेळ घेऊ?"

"घे," साडू म्हणाले.

मोतीबिंदूच निघाला, दोन्ही डोळ्यांत, आणि उजवा फार पिकलेला. ऑपरेशनच्या आधी साडूंनी डॉक्टरांकडं लेन्सचा बॅच नंबर मागितला. आता हे हाकलून देणार असं मला वाटलं. पण त्या डॉक्टर बाईंनी लेन्सचा डबा आणून त्यावरचा नंबर, तारीख, सगळं वाचून दाखवलं. साडूंनी ते दोनदा वाचायला लावलं आणि मग स्वतःहून टेबलावर आडवे झाले. बाईंनी महिनाभर सायकल बंद सांगितली, ते पथ्य त्यांनी एक दिवसही मोडलं नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढं होतं. त्याला ते "होल्डवरचा" म्हणत. शर्टावरचा लाल टॅग मात्र पट्टी निघेपर्यंत त्यांनी काढू दिला नाही.

महिन्यानं पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा त्यांनी पुढं जायचा हट्ट धरला. मी नारिंगी जाकीट घालून पुढं जायची सवय मोडून मागं राहिलो. चऱ्होलीत चिंचेखाली पोचलो. मावशींनी चहा आणून हातात दिला. साडूंनी ग्लास उजेडापुढं धरला, गोल फिरवला आणि थांबले. "मावशी, काठाचा टवका उडालाय ह्याच्या."

"उडालाच हाय," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "फेकला न्हाई म्या. तुमच्यासाठीच जपून ठिवला व्हता."

साडू दुसऱ्या ग्लासातला चहा पीत समोर बघत बसले. मग ग्लास खाली ठेवून त्यांनी पलीकडं बोट केलं. "ते काय हो?"

"बिल्डिंगी. बावीस मजली आहेत."

"तिथं ज्वारी होती."

"दीड वर्ष झालं दाजी."

"मी त्याला धुकं समजत होतो," साडू म्हणाले. मावशी टपरीत निघून गेल्या. दीड वर्ष आम्ही रोज तिथून गेलो, उजवी बाजू ठीक, डावी बाजू ठीक असं ओरडत.

मग ते माझ्याकडं वळले आणि बराच वेळ बघत राहिले. "साडू, तुमचे केस कधी पांढरे झाले?"

"झाले हळूहळू."

"गाल पण बसलेत." त्यांचा आवाज खाली आला. "मला दिसलंच न्हाई."

त्यांचा हात खिशात गेला. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मी उभा राहिलो. एकोणतीस वर्षांपूर्वी उभा राहिलो होतो तसाच, पोट आत घेऊन, चष्मासुद्धा काढला. साडू माझ्याभोवती एक फेरी मारून आले. मग माझ्या सायकलशी वाकले, नव्या ब्रेकची तार टोकापासून टोकापर्यंत पाहिली आणि हँडलला हिरवा टॅग बांधला. "ब्रेक ओके."

"आणि मी?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे मी थट्टेशिवाय कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी तिन्ही रंगांचे टॅग हातावर पसरले. मग एक टॅग निवडला, आता कुणाला रंग न विचारता, आणि माझ्या शर्टाच्या बटणाला हळूच गाठ मारली. पिवळा होता. "उद्या परत बघू," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो सायकलीवर बसेपर्यंत काढला नाही.

घरी आल्यावर बायकोनं तो टॅग पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अजून होल्डवरच का?"

"होय," मी म्हटलं. "उद्या साडेपाचला उठव."